रशियन मजकूर उघडला आणि भलतीच अक्षरं दिसली? ही गडबड का होते आणि मजकूर परत कसा मिळवायचा, समजून घ्या

जुन्या सोव्हिएत सिनेमाची सबटायटल फाईल डाउनलोड केली, पण उघडल्यावर एक शब्द वाचता येईना. रशियात मेडिकलला असलेल्या मुलाला कॉलेजकडून वेळापत्रकाची फाईल आली, तर तिच्यात डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली इंग्रजीसारखी अक्षरं. झिप फाईल उघडली, तर आतल्या फायलींच्या नावांत नुसत्या चौकटी आणि रेघा.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. फाईल करप्ट झाली म्हणून डिलीट करतात, किंवा तशीच सेव्ह करून पुढे पाठवतात. यातली दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. कारण तोपर्यंत सहीसलामत असलेला मजकूर त्या 'सेव्ह'मुळे कायमचा जाऊ शकतो.

थोडक्यात सांगायचं तर:

- फाईल बहुतेक वेळा चांगलीच असते. ती वाचणारा प्रोग्रॅम चुकीचा तक्ता वापरत असतो.
- रशियन भाषेसाठी असे किमान पाच तक्ते वापरात होते. त्यांना कॅरेक्टर एन्कोडिंग म्हणतात.
- कोणता तक्ता चुकला, हे पडद्यावरच्या विचित्र अक्षरांकडे नीट बघितलं तरी ओळखता येतं.
- बरोबर तक्ता निवडला की मजकूर जसाच्या तसा परत येतो. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली असतील, तर त्या फाईलमधून काहीच परत मिळत नाही.

आता सविस्तर बघूया.

कॉम्प्युटर अक्षरं नाही, आकडे साठवतो

कॉम्प्युटरच्या दृष्टीने फाईल म्हणजे आकड्यांची रांग. एक बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक आकडा. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं, हे माणसांनी ठरवलेलं असतं आणि त्याचा तक्ता केलेला असतो. हा तक्ता म्हणजे एन्कोडिंग.

अमेरिकेत १९६३ मध्ये 'आस्की' नावाचा तक्ता आला. त्यात १२८ जागा होत्या, ० ते १२७. इंग्रजीची छोटी-मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं यातच त्या संपल्या. पण एका बाइटमध्ये २५६ आकडे मावतात. म्हणजे १२८ ते २५५ या वरच्या जागा मोकळ्या होत्या, आणि जगातल्या प्रत्येक भाषेची नजर त्यांच्यावर होती.

रशियन भाषा सिरिलिक लिपीत लिहितात. तिच्यात ३३ अक्षरं आहेत आणि इंग्रजीसारखीच प्रत्येकाची छोटी आणि मोठी अशी दोन रूपं आहेत. म्हणजे ६६ जागा पुरेशा होत्या. १२८ मोकळ्या जागांत ६६ अक्षरं बसवणं काही अवघड नव्हतं. अडचण अशी झाली, की वेगवेगळ्या लोकांनी ती वेगवेगळ्या पद्धतीने बसवली.

एकच आकडा, पाच अर्थ

२४० हा एकच आकडा घ्या. एखाद्या फाईलमध्ये तो असेल, तर पडद्यावर काय दिसेल?

- 'कोई-८-आर' तक्त्यात: मोठं 'प'
- 'विंडोज-१२५१' तक्त्यात: छोटं 'र'
- डॉसच्या 'सीपी-८६६' तक्त्यात: मोठं 'यो', म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेलं ई
- 'आयएसओ ८८५९-५' तक्त्यात: 'क्रमांक' दाखवणारं चिन्ह
- पश्चिम युरोपच्या तक्त्यात: आइसलँडच्या भाषेतलं एक अक्षर

आकडा तोच आहे, डिस्कवर काहीही बदललेलं नाही. वाचणाऱ्याने कोणता तक्ता हातात घेतला, त्यावर सगळं ठरतं. मुख्य म्हणजे सध्या कोणता तक्ता वापरायचा हे साध्या टेक्स्ट फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. प्रोग्रॅमला अंदाज बांधावा लागतो आणि तो चुकला की पडद्यावर कचरा दिसतो.

या कचऱ्याला जपानी भाषेत 'मोजिबाके' म्हणतात आणि तोच शब्द आता जगभर चालतो. रशियन लोक मात्र 'क्राकोझ्याब्री' म्हणतात. उच्चारायलाही तितकाच वेडावाकडा!

एका भाषेला इतके तक्ते कशासाठी?

प्रत्येक तक्त्यामागे त्या त्या वेळची एक खरी अडचण होती. म्हणून हा इतिहास थोडा समजून घ्यायला हवा.

कोई-८: हिंदीतल्या 'कोई'शी याचा संबंध नाही. 'माहितीच्या देवाणघेवाणीचा संकेत' या अर्थाच्या रशियन शब्दांची ही आद्याक्षरं आहेत. सोव्हिएत संघात १९७४ च्या सरकारी मानकात तो आला. त्या काळी बरीच यंत्रं आणि नंतर बरेच ईमेल सर्व्हर बाइटमधले सातच बिट पुढे पाठवायचे आणि आठवा बिट गाळून टाकायचे. आठवा बिट गेला की आकड्यातून १२८ वजा होतात. मग रशियन पत्राचं काय होणार?

तक्ता करणाऱ्यांनी यावर एक हुशार तोड काढली. प्रत्येक रशियन अक्षर त्याच्यासारखा उच्चार असलेल्या इंग्रजी अक्षराच्या बरोबर १२८ जागा पुढे ठेवलं. 'प्रिव्येत' हा रशियन शब्द बघा. अर्थ आहे 'नमस्कार'. कोई-८ मध्ये याचे आकडे आहेत २४०, २१०, २०१, २१५, १९७, २१२. प्रत्येकातून १२८ वजा करा: ११२, ८२, ७३, ८७, ६९, ८४. आता आस्कीच्या तक्त्यात बघा. पी, आर, आय, डब्ल्यू, ई, टी. म्हणजे आठवा बिट वाटेत हरवला तरी समोरच्याला इंग्रजी लिपीत 'प्रिवेत' वाचता येतं! फक्त छोटी अक्षरं मोठी होतात आणि मोठी छोटी.

याची किंमतही मोजावी लागली. अक्षरं इंग्रजीच्या क्रमाने लावल्यामुळे रशियन वर्णमालेचा क्रम मोडला. आकड्यांनुसार यादी लावली की रशियन नावं भलत्याच क्रमाने यायची. तरीही युनिक्स आणि ईमेलच्या जगात हाच तक्ता रुळला. १९९३ मध्ये आंद्रेई चेर्नोव यांनी त्याच्या रशियन रूपाची इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंद केली. तेच 'कोई-८-आर'. युक्रेनियन भाषेची काही अक्षरं त्यात नव्हती, म्हणून पुढे 'कोई-८-यू' आला.

सीपी-८६६: हा डॉसचा तक्ता. डॉसच्या काळात पडद्यावरच्या चौकटी, रकाने, खिडक्या सगळं रेघांच्या चिन्हांनी काढलेलं असायचं. ती चिन्हं अमेरिकन तक्त्यात ठरावीक आकड्यांवर होती. त्या जागांवर रशियन अक्षरं बसवली, तर प्रोग्रॅमच्या चौकटींच्या जागी अक्षरांचे ढीग दिसले असते. म्हणून रेघा होत्या तिथेच ठेवल्या आणि रशियन अक्षरं उरलेल्या जागांत बसवली. छोट्या अक्षरांचे तर दोन तुकडे झाले: निम्मी रेघांच्या आधी, निम्मी नंतर.

आयएसओ ८८५९-५: आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा १९८८ चा तक्ता. कागदावर नीटनेटका, पण रशियात रोजच्या वापरात तो फारसा रुळला नाही. तोवर कोई-८ आणि डॉसच्या तक्त्याने आपापली घरं धरली होती.

विंडोज-१२५१: विंडोजमध्ये चौकटी ग्राफिकने काढल्या जायच्या, त्यामुळे रेघांसाठी जागा राखायची गरज उरली नाही. मायक्रोसॉफ्टने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नवा तक्ता आणला. त्यात अक्षरं रशियन वर्णमालेच्या क्रमाने होती. अपवाद 'यो' या अक्षराचा, ते बाकीच्यांपासून लांब पडलं. बेलारूशियन, युक्रेनियन, बल्गेरियन, सर्बियन या भाषांचीही सोय त्यात होती. विंडोज घराघरांत गेलं आणि त्याबरोबर हा तक्ताही.

अॅपलच्या मॅकिंटॉशचा तक्ता आणखी वेगळा.

रशियन विंडोजमध्ये तर एकाच कॉम्प्युटरवर दोन तक्ते नांदतात. नेहमीचे प्रोग्रॅम जुन्या पद्धतीने चालले तर १२५१ वापरतात आणि काळ्या पडद्याची कमांड विंडो ८६६ वापरते. म्हणजे नोटपॅडमध्ये लिहिलेली फाईल त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या खिडकीत वाचता येत नाही, असंही व्हायचं.

लोकांनी यातून वाट कशी काढली?

१९९० च्या दशकातल्या रशियन वेबसाइट्सवर वरच्या बाजूला बटणांची एक ओळ असायची: कोई, विन, डॉस, मॅक. वाचणाऱ्याने आपल्याला काय दिसतंय ते बघून बटण दाबायचं. काही सर्व्हर येणारा ब्राउझर ओळखून त्याला लागेल त्या तक्त्यात पान देत.

'वप्रोस' म्हणजे प्रश्न. मोठ्या 'व'ने सुरू होणारा हा शब्द विंडोज-१२५१ मध्ये लिहून कोई-८ ने वाचला, तर 'ब्नोप्न्या' असा शब्द तयार होतो. ईमेलचा विषय म्हणून 'प्रश्न' लिहिणारे कितीतरी, त्यामुळे हा शब्द इतक्यांदा दिसला, की 'ब्नोप्न्या' हाच एन्कोडिंगच्या गोंधळाचा शब्द होऊन बसला.

फिडोनेट नावाच्या तेव्हाच्या संदेश-जाळ्यात मोठं रशियन 'न' लिहायची सोय नव्हती. डॉसच्या तक्त्यात त्याचा आकडा १४१, आणि फिडोनेटच्या नियमांत १४१ चा अर्थ होता 'इथे ओळ मोडली तरी चालेल'. त्यामुळे ते अक्षर गायब व्हायचं. रशियन मोठं 'न' दिसायला इंग्रजी एचसारखंच असतं. म्हणून लोक सरळ इंग्रजी एच टाकून काम भागवायचे.

विंडोजच्या तक्त्यात छोटं 'या' शेवटच्या जागेवर आहे, म्हणजे २५५. कित्येक प्रोग्रॅममध्ये २५५ हा आकडा खास कामासाठी राखलेला असायचा. मग ते अक्षर खाल्लं जायचं. रशियन भाषेत 'या' हे नुसतं अक्षर नाही, त्याचा अर्थ 'मी' असाही होतो!

इंटरनेटवर अनेक वर्षं फिरणारा एका पार्सलचा फोटोही बघण्यासारखा आहे. रशियाला पाठवलेल्या त्या पार्सलवर पत्ता म्हणून टोप्या-टिंबं असलेली युरोपीय अक्षरं हाताने लिहिली आहेत. पाठवणाऱ्याने पडद्यावर दिसलेला कोई-८ चा कचराच इमानेइतबारे उतरवून काढलेला. आणि त्यावर कुणीतरी प्रत्येक शब्दाचा खरा रशियन अर्थ लावून पत्ता लिहिला आहे. अक्षराला अक्षर जुळत असल्यामुळेच हे जमलं. मजकूर दुरुस्त करणारे प्रोग्रॅम करतात ते हेच.

यूनिकोडने काय बदललं?

सगळ्या भांडणाचं मूळ एकच होतं. १२८ जागांवर प्रत्येक भाषेने आपापला हक्क सांगितला होता. यूनिकोडने जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, दुसऱ्या कुणाचाही नसलेला क्रमांक दिला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. सिरिलिकचे क्रमांक १०२४ पासून सुरू होतात, देवनागरीचे २३०४ पासून.

पण हे क्रमांक २५५ च्या पलीकडचे, एका बाइटमध्ये मावत नाहीत. मग केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये 'यूटीएफ-८' ही पद्धत शोधली. इंग्रजी अक्षराला एक बाइट, रशियन अक्षराला दोन आणि देवनागरी अक्षराला तीन. आज इंटरनेटवरची जवळपास सगळी नवी पानं याच पद्धतीत असतात.

'प्रिव्येत' जुन्या तक्त्यांत सहा बाइटचा होता, यूटीएफ-८ मध्ये तो बारा बाइटचा झाला: २०८, १५९, २०९, १२८, २०८, १८४, २०८, १७८, २०८, १८१, २०९, १३०. यात एक गोष्ट बघून ठेवा. प्रत्येक जोडीचा पहिला आकडा २०८ किंवा २०९ आहे. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

मग प्रश्न सुटला का? नव्या मजकुरापुरता सुटला. पण जुन्या फायली, सबटायटल, गाण्यांच्या फायलींत लपलेली गायकांची नावं, झिपमधली फायलींची नावं, संस्थांचे जुने डेटाबेस हे सगळं आजही जुन्या तक्त्यांत आहे.

कोणता तक्ता चुकलाय, हे कसं ओळखायचं?

रशियन यायला हवं असं अजिबात नाही. रशियनमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारं अक्षर 'ओ' आहे, शंभर अक्षरांत साधारण दहा-अकरा वेळा. चुकीच्या तक्त्यात हा 'ओ' दुसऱ्या कुठल्यातरी ठरावीक चिन्हात बदलतो. तेच चिन्ह पानभर दिसतं. त्याला पकडायचं.

- सिरिलिक अक्षरंच दिसतात, पण सगळी मोठी, आणि वाक्याचं पहिलं अक्षर मात्र छोटं. दरवाजाच्या चौकटीसारखं मोठं 'प' सगळीकडे. मजकूर कोई-८ चा आहे, वाचला जातोय विंडोज-१२५१ ने.
- तसाच उलटा प्रकार, पण इंग्रजी एचसारखं अक्षर सगळीकडे. मजकूर विंडोज-१२५१ चा आहे, वाचला जातोय कोई-८ ने.
- मजकुरात जागोजागी वर्तुळातला आर, म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्कचं चिन्ह. मजकूर डॉसच्या ८६६ चा, वाचला जातोय १२५१ ने.
- मोठ्या अक्षरांच्या जागी चौकटींच्या रेघा. मजकूर १२५१ चा, वाचला जातोय ८६६ ने.
- एकाआड एक इंग्रजी पी किंवा सीसारखं अक्षर आणि शब्द दुप्पट लांब. मजकूर यूटीएफ-८ चा, वाचला जातोय १२५१ ने. मघाचे २०८ आणि २०९ आठवा. विंडोजच्या तक्त्यात २०८ म्हणजे मोठं 'र', ते पीसारखं दिसतं, आणि २०९ म्हणजे मोठं 'स', ते सीसारखं.
- टोप्या-टिंबं असलेली युरोपीय अक्षरं. मजकूर रशियन आहे, पण वाचणारा त्याला पश्चिम युरोपचा समजतोय. अशी अक्षरं बहुतेक छोटी असतील तर मूळ १२५१, बहुतेक मोठी असतील तर कोई-८.
- एकाआड एक आडवी रेघ मारलेला डी किंवा लाटेची टोपी घातलेला एन. मूळ यूटीएफ-८, वाचणारा पश्चिम युरोपचा तक्ता वापरतोय.

तक्ता आपोआप ओळखणारे प्रोग्रॅमही याच पद्धतीने चालतात. प्रत्येक तक्ता लावून बघायचा आणि कोणत्या वाचनात अक्षरांचं प्रमाण खऱ्या रशियनशी जुळतं ते तपासायचं. म्हणूनच लांबलचक मजकुरावर ते सहसा चुकत नाहीत, पण तीन-चार अक्षरांच्या फाईलच्या नावावर चुकतात.

दुरुस्त कसं करायचं?

१. आधी कॉपी करून ठेवा. मूळ फाईल बाजूला ठेवा, जे करायचं ते कॉपीवर करा. विचित्र अक्षरं दिसत असताना सेव्ह करू नका.

२. फाईल बदलू नका, वाचायची पद्धत बदला. नोटपॅड प्लस प्लसच्या 'एन्कोडिंग' मेनूत 'कॅरेक्टर सेट'मध्ये 'सिरिलिक' आहे. तिथले तक्ते एकेक लावून बघा. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर एन्कोडिंगचं नाव दिसतं, त्यावर क्लिक करून 'रीओपन विथ एन्कोडिंग' निवडा. फायरफॉक्समध्ये वेबपानासाठी 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे.

३. वाचता येऊ लागलं, की यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. खरं रूपांतर या पायरीला होतं. प्रोग्रॅम जुन्या तक्त्यातून प्रत्येक अक्षर ओळखतो, त्याचा यूनिकोड क्रमांक घेतो आणि नव्या पद्धतीने लिहितो.

या दोन पायऱ्यांमधला फरक नीट लक्षात घ्या. 'रीओपन' आणि 'कन्व्हर्ट' ही दोन वेगळी बटणं आहेत. आधी 'कन्व्हर्ट' दाबलं, तर प्रोग्रॅम त्या कचऱ्यालाच खरा मजकूर समजून त्याचं यूटीएफ-८ करून देतो. मग एकाऐवजी दोन गाठी सोडवाव्या लागतात.

४. फायली पुष्कळ असतील तर लिनक्स आणि मॅकवर 'आयकॉन्व्ह' हा छोटा प्रोग्रॅम असतो. मूळ तक्ता, हवा असलेला तक्ता आणि फाईलचं नाव सांगितलं की काम होतं.

५. एक्सेलची फाईल असेल तर सीएसव्ही फाईलवर थेट डबल क्लिक करू नका. 'डेटा' मेनूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही घ्या. तिथे 'फाईल ओरिजिन' विचारतात, त्यात बरोबर तक्ता निवडा आणि खालच्या नमुन्यात अक्षरं नीट दिसली की पुढे जा.

६. सबटायटलसाठी फाईल बदलायचीही गरज नाही. व्हीएलसी प्लेअरच्या सेटिंगमध्ये सबटायटलचं एन्कोडिंग निवडता येतं. जुन्या रशियन सबटायटलला आधी विंडोज-१२५१ लावून बघा.

७. ऑनलाइन कन्व्हर्टर सोयीचे आहेत. मजकूर पेस्ट करा, ते सगळ्या जोड्या लावून देतात. पण पासपोर्ट, व्हिसा, मार्कशीट, मेडिकल रिपोर्ट असा खासगी मजकूर अनोळखी साइटवर टाकू नका. ते काम स्वतःच्या कॉम्प्युटरवर करा.

मजकूर दोनदा बिघडला असेल, तर गाठी उलट्या क्रमाने सोडवायच्या. शेवटची चूक आधी, पहिली चूक नंतर.

कधी दुरुस्त होत नाही?

आतापर्यंतच्या सगळ्या प्रकारांत मूळ आकडे शाबूत होते. ते गेले, तर उपाय नाही.

नुसती प्रश्नचिन्हं: कुठल्यातरी प्रोग्रॅमने रशियन मजकूर अशा तक्त्यात सेव्ह केला, ज्यात रशियन अक्षरंच नव्हती. त्याने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं. आता फाईलमध्ये फक्त ६३ हा आकडा आहे, पुन्हा पुन्हा. कोणताही तक्ता लावा, प्रश्नचिन्हच येणार. ज्याने फाईल पाठवली, त्याच्याकडून मूळ फाईल परत मागवा.

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह: 'हा बाइट मला कळला नाही' असं सांगण्यासाठी यूनिकोडने ठेवलेलं हे चिन्ह. नुसतं दिसत असेल तर हरकत नाही, तक्ता बदलून बघा. पण त्याच्यासकट फाईल सेव्ह झाली असेल, तर मूळ अक्षरं गेली.

'इ' आणि 'र' ची अडचण: यूटीएफ-८ मजकूर १२५१ समजून वाचला आणि सेव्ह केला, तर बहुतेक अक्षरं परत मिळतात. मोठं 'इ' मात्र दगा देतं. त्याचा दुसरा बाइट १५२ आहे, आणि १२५१ च्या तक्त्यात १५२ ची जागा रिकामी आहे. काही प्रोग्रॅम तिथे प्रश्नचिन्ह टाकतात. मोठ्या 'र'चा दुसरा बाइट १६०, तो एक खास प्रकारचा स्पेस आहे, आणि तो सहज साध्या स्पेसमध्ये बदलला जातो. म्हणून दुरुस्त केलेल्या यादीत बाकी सगळं नीट, पण 'इवान' आणि 'रस्सिया' म्हणजे रशिया ही नावं अर्धवट, असं होऊ शकतं. नावांची यादी असेल तर ही दोन अक्षरं हाताने तपासा.

मराठीचा याच्याशी काय संबंध?

आपल्याकडचा गोंधळ थोडा वेगळा होता. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, डीव्ही-टीटी योगेश असे फॉन्ट वापरताना फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे किंवा त्यांच्या पुढच्या जागांचे आकडेच साठायचे. फॉन्ट त्यांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरं काढून दाखवायचा. फॉन्ट नसेल तर इंग्रजी कचरा दिसायचा. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये सरकारी पातळीवर आलं होतं, पण छपाई आणि डीटीपीच्या कामात फॉन्टवाल्यांच्याच पद्धती चालल्या.

रशियन मजकूर परत आणणं त्या मानाने सोपं आहे, कारण तिथे एका आकड्याला एक अक्षर आहे. मराठी फॉन्टमध्ये एक अक्षर दोन-तीन तुकड्यांनी बनतं. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण टाइप आधी होते, रफारही जागा बदलतो. त्यामुळे तिथे नुसता तक्ता पुरत नाही, तुकड्यांचा क्रमही लावावा लागतो.

यूनिकोड आल्यावर मात्र दोन्ही भाषा एकाच रांगेत आल्या. मराठी मजकूर पश्चिम युरोपच्या तक्त्याने वाचला, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्याच्या शेजारी चलनाचं किंवा येनचं चिन्ह. कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर २२४ ने सुरू होतं आणि त्याच्यापुढे १६४ किंवा १६५ येतो. एक्सेलमध्ये मराठी नावांची यादी उघडल्यावर असं दिसलं, तर वर दिलेली पाचव्या क्रमांकाची युक्ती तशीच्या तशी चालते. एसएमएसमध्येही दोघींची स्थिती सारखीच आहे. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, रशियन किंवा मराठी लिहिलं की ७०.

तर फाईल आली की काय करायचं?

कॉपी करा, सेव्ह करू नका, तक्ते लावून बघा, वाचता आलं की यूटीएफ-८ मध्ये ठेवा. स्वतः कुणाला फाईल पाठवत असाल, तर सेव्ह करतानाच यूटीएफ-८ निवडा. आणि घरात जुन्या सीडी किंवा हार्डडिस्कवर श्रीलिपीतली पत्रं, वंशावळी, हस्तलिखितं पडली असतील, तर तो फॉन्ट चालवणारा एखादा कॉम्प्युटर सापडतोय तोवरच त्यांचं यूनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.